पावणेसहाची गाडी

आईच्या डाव्या डोळ्याचं संपलंच आहे आणि उजव्याचंही फार दिवस धरू नका, असं डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं. आईला कळू नये म्हणून इंग्रजीत. आई स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. बाहेर आल्यावर तिने पायाने चाचपडत चपला घातल्या आणि विचारलं, "दिवाळी दिसंल का मला?" काचबिंदूचं असंच असतं, कडेकडेने अंधार आत सरकत येतो आणि मधे एक भोक उरतं, त्यातून दिसेल तेवढं जग. मी तिला काहीतरी गोड खोटं सांगणार होते. पण इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावरून काय चाललंय ते ओळखायची तिला तरुणपणापासून सवय आहे.

रिक्षात मी विचारलं, डोळे आहेत तोवर काय बघायचंय ते सांग. मला वाटलं बुद्धगया म्हणेल आणि मला माझा इंग्रजीचा क्लास बंद ठेवून तिकिटं काढावी लागतील. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तो सायकलचा पिच्चर. त्याचा शेवट बघायचा राह्यलाय."

मला चीडच आली. बाई आंधळी व्हायला निघालीय आणि मागतेय काय, तर पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेला एक फुटकळ इंग्रजी सिनेमा. पण कुठला ते मला लगेच कळलं. आमच्या घरात लहानपणी राजाराणीच्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, आई इंग्रजी सिनेमांच्या सांगायची. त्यातली ही एकच गोष्ट बिनशेवटाची होती.

आई, लीलाबाई, औरंगाबादला लागून असलेल्या हर्सूलची. तळ्याच्या काठच्या वस्तीतली, शाळेचं तोंड न पाहिलेली. वडील कडुबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मिलिंद कॉलेजचे बी.ए., आमच्या सगळ्या गणगोतात पहिले. जायकवाडीच्या धरणाचं काम तेव्हा जोरात होतं. तिथे दादांना स्टोअरकीपरची नोकरी लागली आणि पैठणजवळच्या धरणाच्या कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या. लग्न बहात्तर सालचं. इतरांकडे नव्या सुनेला कुलदैवताच्या पाया पडायला नेतात. आमच्या लोकांनी छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर घरचे देव गोदावरीत सोडून दिले होते. तेव्हा दादांनी नव्या नवरीला नेलं ते थेट औरंगाबादला, इंग्रजी सिनेमाला.

त्यामागे त्यांचं एक गणित होतं. आपल्या माणसांनी शिकायचं, बायांनी तर आधी शिकायचं, आणि शिकायचं ते इंग्रजीपर्यंत. रोज संध्याकाळी कंदिलाजवळ ते आईला मराठी अक्षरं गिरवायला लावत. इंग्रजी नुसतं कानावर पडलं पाहिजे, म्हणजे पुढे भीती वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग पगारानंतरच्या रविवारी एसटीने शहरात यायचं आणि तीनच्या शोला सगळ्यात मागच्या रांगेत बसायचं. मागे अशासाठी की दादा पूर्ण सिनेमाभर आईच्या कानात मराठीतून सांगत राहायचे आणि पुढचे लोक ओरडायचे.

हाणामारीचे, भुताखेताचे सिनेमे दादांना चालत नसत. त्यांचा जीव होता तो हसऱ्या प्रेमाच्या सिनेमांवर, आणि तसले जुने झिजलेले सिनेमे तेव्हा शहरात फिरत फिरत यायचे. मीही पुढे असले खूप पाहिले आणि त्यात काय आहे याचा विचारही केला. त्यांतली माणसं दिवसभर रिकामी असतात. गाडी चुकली तर दुसरी येईल, नाहीतर चालत जाऊ, वाटेत फुलं घेऊ. बाई रागावली तरी जिन्यावरून उतरताना सुंदर दिसते. एकाची छत्री दुसऱ्याकडे जाते आणि त्यातून भांडण, भांडणातून प्रेम. पण खरी जादू वेगळीच आहे. त्या सिनेमांत एकमेकांवर आदळलेली दोन माणसं एकमेकांना नाव विचारतात आणि तिथेच थांबतात. आडनाव ऐकून कुणाचा चेहरा बदलत नाही. गाव कोणतं, गावात घर कुठल्या बाजूला, हे कुणी विचारत नाही. मागच्या रांगेत बसलेल्या त्या दोघांना हे दोन तास किती हलकं करत असेल, ते मला चांगलं कळतं. मी स्वतः भाड्याने घर शोधलेलं आहे.

तर हे असं चालायचं आणि मग ऐन मोक्याला दादा उठायचे. कॉलनीपर्यंत जाणारी शेवटची गाडी पावणेसहाची. त्यानंतरच्या गाड्या पैठण गावात सोडतात, पुढे अंधारातून बाईमाणसाला घेऊन चालत कोण जाणार? नायिका कुठेतरी पळत सुटलेली असायची, नायक कुठल्यातरी दारात उभा असायचा, आणि आई-दादा लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडायचे. एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिला नाही. तो दादा गाडीत सांगायचे. चितेगाव गेलं की सुरू करायचे आणि बिडकीन येईपर्यंत संपवायचे.

आणि काय तो शेवट. दर वेळी मुलगी घरी परत जायची. ज्याच्याशी ठरलंय त्याच्याशीच लग्न करायची, किंवा आहे त्याच नवऱ्याजवळ राहायची, आणि नंतर सगळं बरं व्हायचं. नायक दूरगावी नोकरीला जायचा. मी हेच ऐकत वाढले. इंग्रज लोक फार समजूतदार, मन मारून नीट संसार करतात, असं माझं पक्कं मत होतं.

कॉलेजात असताना टीव्हीवर त्यातला एक सिनेमा शेवटापर्यंत पाहिला आणि उडालेच. ती तर त्याला मिठी मारते. मग दुसरा मिळवून पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्या मिठ्या मारत होत्या. सुट्टीत घरी गेल्यावर मी दादांची खूप थट्टा केली. ते चष्मा पुसत म्हणाले, "आम्हाला कुठे वेळ होता बघायला? काहीतरी सांगावं लागायचं." मी म्हटलं, मग जरा चांगलं सांगायचं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आईला यातलं काही बोलू नकोस, सरिता." मला वाटलं, खोटं उघडं पडल्याची लाज वाटत असेल. दादांना दिलेला शब्द म्हणून मी बोलले नाही.

पुढे माझं लग्न झालं, मोडलं, आणि औरंगपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर मी इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास काढला. पोरांना व्याकरण नको असतं, म्हणून मोठा टीव्ही लावून याच जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवते. दादा रिटायर झाल्यावर दोघं माझ्याकडे हर्सूलला राहायला आले. गेल्या हिवाळ्यात दादा गेले.

ते गेले तो दिवस सांगायला हवा. दवाखान्यात होते, श्वास लागत होता, पण शुद्धीवर होते. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आईकडे बघून म्हणाले, "लीला, ऊठ. गाडी जाईल." कसली गाडी? आमचं घर दवाखान्यापासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर. मला वाटलं, डोकं भरकटलं यांचं, कॉलनीच्या दिवसांत गेले. आई मात्र उठली. पिशवी घेतली, त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि निघाली. माझा मावसभाऊ रात्री दवाखान्यात थांबला. उजाडायच्या आत त्याचा फोन आला.

त्यानंतर आई रडली कमी आणि गप्प जास्त झाली. आणि आता हा सायकलचा सिनेमा.

गोष्ट मला पाठ होती. एक टोप्या विकणारी मुलगी, एक पियानो दुरुस्त करणारा उनाड माणूस. पावसात बसच्या थांब्यावर छत्र्यांची अदलाबदल. मग तो तिला सायकलवर बसवून नेतो आणि दोघं बदकांच्या तळ्यात पडतात. तिचं लग्न ठरलेलं असतं दातांच्या एका डॉक्टरशी. शेवटी ती आगगाडीत बसलेली, पियानोवाला फलाटावर धावत येतोय, आणि तिथे आई-दादा उठले. नेहमीप्रमाणे चितेगाव गेलं, बिडकीन गेलं. दादा खिडकीबाहेर बघत बसले. ढोरकीन आलं तरी काही बोलले नाहीत. आईने विचारलं, पुढं काय झालं? ते म्हणाले, "मला नाही माहीत." आई ही गोष्ट मला सांगताना नेहमी इथेच थांबायची आणि दिवा मालवायची.

मी इंटरनेटवर शोध घेतला. नाव माहीत नाही, नट माहीत नाहीत, नुसती सायकल आणि बदकं. पुष्कळ खटपट केली तेव्हा सापडला. रंग उडालेला, मधेच खरखरणारा, पण अख्खा. मी आधी एकटीने पाहिला. शेवट अर्थातच मिठीचा. मला वाटलं, झालं, रविवारी आईला क्लासमध्ये नेऊन दाखवू, बिचारी खूश होईल.

शुक्रवारी पुंजारामकाका आले. एसटीत कंडक्टर होते, दादांचे दोस्त. आईची नजर जात चालल्याचं कुणाकडून तरी कळलं म्हणून पैठणहून पेरू घेऊन भेटायला आले होते. आई झोपली होती. मी चहा करताना त्यांना सगळं सांगितलं, सिनेमा कसा सापडला ते, आणि पावणेसहाच्या गाडीपायी दोघांनी आयुष्यात एकही शेवट कसा पाहिला नाही ते. हसण्यासारखी गोष्ट म्हणूनच सांगितली. काका हसले नाहीत.

"पावणेसहाची कशापायी? साडेआठची व्हती की कॉलनीपत्तूर. मीच असायचो त्या गाडीवर. अर्धी रिकामी यायची."

मी म्हटलं, काका, तुमचा घोळ होतोय. ते म्हणाले, घोळ कसला, आठ-नऊ वर्षं ती गाडी केली. मग कपाकडे बघत सांगितलं, "मी कडुबाला म्हणायचो, येत जा ना माझ्या गाडीनं, गप्पा मारत जाऊ. तर म्हणायचा, नाय रे, शेवट बघितला की लीला रडती."

एवढंच त्यांना माहीत होतं. ते गेल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले. प्रेमाच्या शेवटाला लोक डोळे पुसतात, त्यात नवीन काही नाही. पण बायको जराशी रडते म्हणून कुणी वर्षानुवर्षं गाडीचं खोटं रचत नाही. दर वेळी एकच शेवट सांगत नाही, की मुलगी घरी राहिली आणि सगळं बरं झालं. "आईला बोलू नकोस" म्हणताना ते चष्मा का पुसत होते, ते मला आत्ता दिसलं, आणि मला भीती वाटली. आईच्या आयुष्यात कुणीतरी होतं आणि दादांना ते ठाऊक होतं. ती पळून जाईल अशी त्यांना धास्ती होती.

आता माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. खरा शेवट दाखवला तर आईला कळणार की नवरा जन्मभर खोटं बोलला आणि का बोलला. तो गेलेला, ती आंधळी होत चाललेली, भांडायचं कुणाशी आणि समजूत काढायची कुणाची? नाहीतर मी दादांसारखं करायचं. तिला इंग्रजी येत नाही, एका डोळ्याने भोकातून बघणार. पियानोवाला निघून गेला, मुलगी त्या डॉक्टरची झाली, सगळं बरं झालं. एका वाक्याचा प्रश्न होता. रविवारपर्यंत मी ते वाक्य तयार केलं, आणि मला स्वतःची किळसही आली.

रविवारी तिने पांढरी साडी नेसली, विहारात जाताना नेसते ती. पिशवीत शेंगदाणे घेतले. औरंगपुऱ्यात बाजाराची ही गर्दी, रिक्षा कोपऱ्यावरच थांबली. तिला धरून जिना चढवला. खिडक्यांना चादरी लावल्या. पुढच्या बाकावर बस म्हटलं, दिसेल तरी, तर ती मागच्याच बाकाकडे निघाली. आम्ही पुढं कधी बसत नव्हतो, म्हणाली. शेवटी मीच मागचं बाक ओढून टीव्हीसमोर आणलं आणि हे मागचंच आहे असं तिला हात लावून पटवलं. तेव्हा बसली.

सिनेमा सुरू झाला आणि मी तिच्या कानाशी बोलायला लागले. टोप्यांचं दुकान. पाऊस. छत्र्या. ती मान हळूहळू हलवत चित्रभर तिचं ते भोक फिरवत होती, नळीतून बघावं तसं. मला फार वाईट वाटत होतं आणि तिला मजा येत होती. सायकल तळ्याकडे निघाली तशी तिने माझा हात धरला, आणि बदकं उडाली तेव्हा एवढी हसली की शेंगदाणे सांडले. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल.

मग तो दातांचा डॉक्टर आला. जाड भिंगांचा चष्मा, बगलेत छत्री, हातात पिशवी. पार्टीत चालताना खुर्चीला अडखळतो, लोकांची माफी मागतो, तिच्यासाठी आणलेल्या फुलांवर स्वतःच बसतो. हशे घ्यायला असा एक माणूस या सिनेमांत ठेवलेलाच असतो. मी पूर्वी हसत आले होते. त्या दिवशी आईकडे पाहिलं तर ती हसत नव्हती, पुढे वाकून एकटक बघत होती.

आगगाडीचा प्रसंग आला. गाडीची शिट्टी झाली आणि आई उभी राहिली. पिशवी काखोटीला मारली, पदर खोचला, दुसरा हात बाजूला लांब केला, धरायला. दादा तिच्या त्या बाजूला बसत असणार. "चला," ती म्हणाली. मग हात हवेतच राहिला. तिने तो खाली घेतला आणि पुन्हा बसली. माझं तयार केलेलं वाक्य अजून तोंडात होतं.

पियानोवाला फलाटावर धावत आला. मुलगी दारात आली. मी घाईने सांगून टाकलं, की ती त्याला म्हणते, तू जा, माझं ठरलंय, मी सुखात आहे. ती आत जाऊन बसते. गाडी निघते.

पडद्यावर ती गाडीतून उडी मारत होती.

"बाप-लेक सारखेच," आई म्हणाली. "मला दिसतंय अजून तेवढं. दोन व्हते, त्याचे एक झाले."

संगीत वाजत होतं. मी बंद करायला रिमोट शोधत होते. तिने विचारलं, "आन् त्या चष्मेवाल्याचं काय झालं?"

मी म्हटलं, त्याचं काही दाखवत नाहीत, आई. तो असाच जातो.

"असा म्हंजे कसा? मागं घे. मला तोच बघायचा व्हता."

मी मागे घेतलं. खरं सांगायचं तर आधी एकटीने पाहताना माझं त्याच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. मधोमध ती दोघं मिठीत, आणि चित्राच्या अगदी डाव्या कडेला तो उभा आहे. चष्मा काढतो, रुमालाने पुसतो, परत घालतो. मग छत्री बगलेत धरून चित्राबाहेर निघून जातो. आईच्या नजरेला कड दिसतच नाही. मी तिची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली आणि पुन्हा मागे घेतलं. तेव्हा तिला तो सापडला.

तो चष्मा पुसत असताना मी चित्र थांबवलं. तसं थांबलेल्या चित्राकडे बघत आईने सांगितलं. तिला लाज वाटत नव्हती, जड जात होतं एवढंच.

लग्नाआधी हर्सूलच्या तळ्यावर सुगीनंतर धनगरांची मेंढरं यायची. त्यांच्यातला एक अजिनाथ. बोलणं व्हायचं, बस. एका साली त्याने म्हटलं, चल माझ्याबरोबर. त्याच्या लोकांनी तिला आणि तिच्या लोकांनी त्याला जिवंत ठेवलं नसतं. ती गेली नाही. त्याच उन्हाळ्यात दादांचं स्थळ आलं. लग्नानंतरचा पहिला सिनेमा त्यांनी पुरता बघितला होता. त्यात शेवटी मुलगी आपल्या माणसाकडे धावत गेली आणि आईला रडू फुटलं. गाडीत दादांनी विचारलं, कोण होता? तिने खरं सांगितलं, नावासकट. पुढच्या महिन्यापासून पावणेसहाची गाडी गाठायची असायची.

"आणि तुला ते खरं वाटलं?" मी विचारलं.

"मला वाचता येत नव्हतं व्हय? त्यांनीच तर शिकवलं. स्टँडवर पाटी व्हती. साडेआठ, जायकवाडी कॉलनी. पयल्याच वर्षी वाचली मी."

मग उठायचीस कशाला, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मला रागच आला होता, दोघांचाही. ती म्हणाली, त्यांना तसं बरं वाटायचं म्हणून. अजिनाथाचं तोंडसुद्धा तिला वर्ष-दोन वर्षांत आठवेनासं झालं होतं. कंदिलापाशी बसून धडे घेता घेता, कानात ती कुजबुज ऐकता ऐकता, तिचं मन कधी इकडे वळलं ते तिलाच कळलं नव्हतं. पण हे त्यांना सांगायचं कसं? नवऱ्याला असं काही म्हणायची आमच्याकडे रीत कुठे होती? तिला वाटलं, संसार बघून त्यांना आपोआप समजेल. मूल होईल, समजेल. म्हातारे होऊ, समजेल.

"ह्या पिच्चरला सगळी टाकीज त्या चष्मेवाल्याला हसत व्हती. मीबी हसले. लई हसले. बाजूला तुझे दादा, तसलाच चष्मा, तशीच छत्री. माझ्या ध्यानातच आलं नाय. गाडीत ते गप बसले तवा ध्यानात आलं."

तिने पदराने डोळा पुसला, बरा असलेला तेवढाच.

"एकदा म्हणायला पायजे व्हतं, सरू. बसा हो, शेवटापत्तूर बसू, मी कुठं जात नाय. एवढंच म्हणायचं व्हतं. दवाखान्यात म्हणाले ना, ऊठ, गाडी जाईल. मला कळत नव्हतं व्हय, तिथं कुठली गाडी? तरी उठले. तिथंबी शेवटाच्या आधीच उठले."

मला तिला सांगायचं होतं की तुझा काय दोष, ते तर नुसतं भरकटून बोलत होते. पण ते भरकटलेले नव्हते, हे आम्हा दोघींना आता कळलेलं होतं. शेवट बघावा लागू नये म्हणून त्यांनी तिला घरी धाडलं होतं, नेहमीसारखंच, तिच्यासाठी की स्वतःसाठी, ते आता कोण सांगणार? मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. खाली बाजारात कुणीतरी मायक्रोफोनवर साड्यांचा सेल ओरडत होता.

"लाव परत," ती म्हणाली. "तो जातो तेवढंच."

मी लावलं. तो चष्मा घालतो, छत्री सावरतो, निघतो. परत लाव, म्हणाली, परत लावलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी ती बाकावरून उठली आणि चाचपडत टीव्हीपाशी गेली, इतकी जवळ की तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला. चित्राच्या डाव्या कडेवर तिने तळहात ठेवला. चष्मेवाला तिच्या बोटांखालून चालायला लागला.

"अहो, थांबा की," आई म्हणाली. "साडेआठची हाय अजून."

तो चित्राबाहेर गेला होता. मधोमध ती दोघं तशीच मिठीत उभी होती आणि त्यांच्यावर अक्षरं वर सरकत होती.